पस्तीस वर्षे दुसऱ्यांची मते मोजली, स्वतःचे मांडता येत नाही

चावडीकर, लातूर

नमस्कार. मी महसूल खात्यात १९८६ साली तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी, मग नायब तहसीलदार अशा पायऱ्या चढत २०२१ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, निवृत्त झालो. माझा प्रश्न वाचून काहींना हसू येईल, तरी तो मी गांभीर्याने विचारतो आहे. निवृत्तीनंतर राजकारणाविषयी बोलायला आपण कसे शिकलात? ‘शिकलात’ असे मुद्दाम म्हणतो, कारण ही गोष्ट आपल्याला येत नाही, हे मला गेल्या काही वर्षांत पुरते कळून चुकले आहे.

आमच्या नगरात सकाळी फिरून आल्यावर आठ-दहा जण पिंपळाच्या पारावर बसतात. त्यांत साखर कारखान्यातले एक निवृत्त चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणारे, आहेत, एक औषधविक्रेते आहेत, दोन प्राध्यापक आहेत, आणि सर्वांचीच थोडीबहुत शेती आहे. २०२४च्या विधानसभा निवडणुकीआधी तेथे सोयाबीनखेरीज दुसरा विषय नव्हता. हमीभाव ४,८९२ रुपये आणि आडतीवर पदरात पडत होते चार हजारांच्या आसपास, त्यामुळे प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काहीतरी होतेच. त्या ओघात कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणाले, “रावसाहेब, तुम्ही तर सारी उमर पैसेवारी काढण्यात घालवली, तुमचं काय म्हणणं?” (पैसेवारी म्हणजे गावाच्या पिकाचा सरकारी अंदाज.) मी घसा साफ केला आणि म्हणालो, “या प्रकरणी दोन्ही बाजू तपासून घेणे आवश्यक आहे.” क्षणभर सगळे गप्प झाले आणि मग असे हसले की चहाच्या टपरीवाल्याने मान वर करून पाहिले.

घरी येऊन मीही हसलो, पण ती गोष्ट मनातून जाईना. मला मत नव्हते असे मुळीच नाही. मत होते, पण त्याचे वाक्यच होईना. पस्तीस वर्षे मी जे मराठी लिहिले, त्यात कर्ता नव्हता. “निदर्शनास आले आहे”, “कार्यवाही करण्यात आली”, “मान्यतेस्तव सादर”. कोणाच्या निदर्शनास आले आणि कार्यवाही कोणी केली, हे विचारायची सोयच ज्या भाषेत नाही, ती भाषा अंगात इतकी मुरली की “मला वाटते” हे दोन शब्द उच्चारताना आता कोणीतरी खुलासा मागवील अशी धास्ती वाटते. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, मी भाजीवालीलाही “मेथीच्या दराबाबत फेरविचार व्हावा” असे सांगतो. हे खोटे आहे, पण फार खोटे नाही.

याचे मूळ अर्थातच नोकरीत आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पक्षाचे सभासद होता येत नाही आणि प्रचार करता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. मतदान मात्र करता येते, फक्त मत कोणाला देणार किंवा कोणाला दिले याची सूचनाही कोणाला मिळता कामा नये. हा नियम मी गरजेपेक्षा जास्त मनावर घेतला. पत्नीलाही कधी सांगितले नाही. तिनेही मला सांगितले नाही, पण तिचे बाकी सगळे बोलणे मोकळे असते. भाजी निवडता निवडता ती मंत्रिमंडळाची अशी काही झडती घेते की मला उठून दार लोटून घ्यावेसे वाटते. निवृत्त झालो त्या दिवशी मुलगा म्हणाला, “बाबा, आता सुटलात.” मी त्याला निवृत्तिवेतन नियमांतली चांगल्या वर्तणुकीची अट काढून दाखवली. ती अट गंभीर गुन्ह्यासाठी आणि गंभीर गैरवर्तनासाठी आहे, पारावरच्या गप्पांसाठी नाही, हे मला कळत होते. तरीही पहिले वर्षभर मी तिच्या आडोशाला बसून काढले.

दुसरी गोष्ट थोडी लाजिरवाणी आहे. १९८९ पासून २०१९ पर्यंत लोकसभा आणि विधानसभा मिळून सोळा निवडणुकांची कामे मी केली. १९९९ साली तर दोन्ही एकत्र होत्या. तलाठी असताना शाळेत मतदान केंद्र उभे करायचे, पाणी, कंदील आणि सुतळी गोळा करायची. पुढे क्षेत्रीय अधिकारी म्हणून दहा-बारा केंद्रांवर जीपने फिरायचे. शिक्क्याच्या मतपत्रिका मी पाहिल्या आणि नंतर यंत्रेही पाहिली. मात्र या सोळांमध्ये माझे स्वतःचे मत किती वेळा पडले, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतात. टपाली मतपत्रिकेचा अर्ज भरायचे राहून जायचे, भरला तर मतपत्रिका उशिरा यायची, आणि वेळेवर आली तर ती टपालात टाकायला सवड नसायची.

म्हणून ७ मे २०२४ रोजी मी आणि सौभाग्यवती सकाळी सात वाजता रांगेत उभे राहिलो, तेव्हा मला उगीचच नव्या मतदारासारखे वाटत होते. प्रत्यक्षात काय झाले ते सांगतो. पहिल्या मतदान अधिकाऱ्याने नाव पुरेसे मोठ्याने पुकारले नाही, हे माझ्या लक्षात आले. पुठ्ठ्याचा आडोसा खिडकीच्या फार जवळ ठेवला आहे, हेही लक्षात आले. शाई लावणारी मुलगी नवखी होती. तिने नखावर पुरेशी ओढली नाही, म्हणून मीच बोट पुढे करून “नखापासून पहिल्या पेरापर्यंत, बाळ” असे सांगितले. आणि मग आत गेल्यावर, बटणांसमोर उभा राहिल्यावर, आपल्याला नेमके कोण हवे आहे याचा विचार करायचा राहूनच गेला आहे, असे जाणवले. मागून सौभाग्यवतींचा खोकला ऐकू आला, तेव्हा बटण दाबले.

हे सगळे कशासाठी सांगतो? मत दाबून ठेवल्याचा पहिला प्रसंग मला नीट आठवतो आणि तो निवडणुकीचा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी औसा तालुक्यातच एका सजावर, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीवर, होतो. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवायचे ठरले आणि घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरले. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, आणि त्याहून अधिक जमीन असलेल्याला ७५०. जमीन किती हे पाहायचे कशात, तर सातबाऱ्यात आणि आठ-अ मध्ये, म्हणजे माझ्या दप्तरात. पत्र्याच्या शेडमध्ये याद्यांचे वाचन चालले होते. एक म्हातारी पुढे आली. तिच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती. ती म्हणाली, “भाऊसाहेब, माझं घर वाड्याएवढंच पडलं की. वाड्यातली दोन गेली, माझीबी दोनच गेली. मंग मला ल्हान का?” मी म्हणालो, “शासनाच्या धोरणानुसार आहे, आजी.” अंगठा घेताना शाईचे पॅड वाळलेले निघाले, तेव्हा त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि रकान्यात २५० लिहिले.

मोठ्या शेतकऱ्याला धान्य ठेवायला, जनावरे बांधायला जागा लागते, हा युक्तिवाद मी ऐकला होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. तरीही हे चुकते आहे, असे माझे त्या दिवशी स्पष्ट मत झाले होते. ते मी कोणालाही सांगितले नाही. वरिष्ठांना नाही, बायकोला नाही, आजीला तर नाहीच. आज तीसहून अधिक वर्षांनी सांगायला गेलो, तरी तोंडातून “तत्कालीन धोरणाचे गुणदोष” असे काहीतरी येते.

आपल्यापैकी शिक्षक, बँकेतले, एस.टी.तले, पोलिसांतले पुष्कळ जण असतील. आपण हे कसे ओलांडले? की ओलांडण्याची गरजच नसते?


खडू-फळा, सातारा

आपले लिखाण दोनदा वाचले. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षे शिकवले. आमचे शिकवणे म्हणजे मधल्या वेळेत करायचे काम. उरलेल्या वेळी जनगणना, पल्स पोलिओ, मतदार यादीची फेरतपासणी आणि खिचडीच्या तांदळाचा हिशेब. आपण केंद्र उभे करत होता, आणि बहुधा माझ्यासारखीच एखादी बाई आदल्या रात्री त्या केंद्रात पाठीखाली सतरंजी घालून झोपत होती. स्वच्छतागृह नसलेल्या केंद्रावर स्त्री कर्मचाऱ्याने रात्र कशी काढली असेल, याविषयी कोणत्याही अहवालात रकाना नव्हता, एवढे नोंदवून पुढे जाते.

एक गंमत सांगते. विधान परिषदेत शिक्षकांचा स्वतंत्र मतदारसंघ आहे, म्हणून लोकांना वाटते की शिक्षकांचा आवाज मोठा. पण त्यात मत असते ते माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. ज्यांनी राज्याला अ-आ-इ-ई शिकवली, ते आम्ही प्राथमिकवाले त्या यादीत नाही. ही गोष्ट मला खुपते, असे मी नोकरीत असताना शिक्षक-खोलीतही कधी म्हटले नव्हते. निवृत्त झाल्यावर म्हटले आणि आकाश कोसळले नाही.

आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर असे की, मी पारावरून सुरुवात केलीच नाही. बायकांना पार नसतोही. मी ग्रामसभेपासून सुरुवात केली. आदल्या दिवशी महिलांची सभा असते. तिला पूर्वी सह्यांचे पुस्तक घरोघर फिरत असे आणि सभा पुस्तकातच होत असे. मी म्हटले, सभा घ्या. पहिल्या खेपेला सहा जणी आल्या. नळाची पाइपलाइन वरच्या आळीपर्यंतच का थांबली, एवढा एकच प्रश्न मी विचारला. एक सदस्य म्हणाले, “बाई, आता रिटायर झालात, देवदर्शन करा.” हा गृहस्थ माझ्या वर्गात दोन वर्षे होता आणि त्याला पाढे येत नसत, हे मला त्या क्षणी आठवले. मी ते बोलून दाखवले नाही, पण आठवल्यामुळे धीर आला.

देशाचे काय चुकते यावर बोलायला मलाही जमत नाही आणि जमावे असेही वाटत नाही. पण पाइप कुठे थांबला, याविषयी मला मत आहे आणि ते मला पुराव्यासह मांडता येते. आपल्याला तर सबंध तालुक्याच्या जमिनीची माहिती आहे.


डबल-बेल, जळगाव

मी एस.टी.त वाहक होतो. एकतीस वर्षे. आमच्याकडे वर्तणुकीचे नियम होतेच, पण खरा नियम गाडीचा होता. पन्नास माणसे कोंबलेल्या गाडीत वाहक एका बाजूने बोलला की दुसरी बाजू सुट्ट्या पैशांसाठी भांडण काढणार. त्यामुळे मी हाती तिकिटांचा ट्रे आणि पंच घेऊन उभा राहायचो आणि ऐकायचो. १९९५च्या निवडणुकीत विलासराव देशमुख त्यांच्याच लातुरात पडले, ती बातमी मला गाडीतच कळली आणि एकाच बाकावरचे दोघे, एक रडवेला आणि एक पेढे वाटण्याच्या तयारीत, असे जळगावपर्यंत शेजारी बसून आलेले मी पाहिले. दोघांनाही मी तिकीट दिले. हे माझे राजकारण.

रावसाहेबांना थोडे वेगळे सांगतो. पारावर न बोलणे हा दोष आहे, असे मला वाटत नाही. माझ्या डेपोतल्या दोन मित्रांची वीस वर्षांची मैत्री मोबाइलवर आलेल्या एका संदेशावरून तुटली. त्यांतला एक आजारी पडला, तेव्हा दुसरा दवाखान्याच्या पायरीपर्यंत जाऊन परत आला. संदेश कोणी लिहिला होता, हे दोघांनाही माहीत नव्हते. असे बोलण्यापेक्षा आपले “दोन्ही बाजू तपासून घेणे” परवडले.

मात्र पोटाचा विषय आला की मी गप्प बसत नाही. आपले निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या निम्मे. माझे १९९५च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतले आहे. त्यात किमान रक्कम महिना १,००० रुपये, ती २०१४ साली ठरली. माझे त्याच्या वर आहे, पण रक्तदाबाच्या गोळ्या, गॅस आणि विजेचे बिल एवढ्यात ते संपते. नोव्हेंबर आला की आपल्यासारखाच मीही हयातीचा दाखला देतो. अंगठा यंत्रावर उमटत नाही, कारण पंच दाबून दाबून अंगठ्याच्या रेषा पुसल्या आहेत. समोरचा मुलगा म्हणतो, “काका, हात धुऊन या.” मी जिवंत आहे हे सिद्ध करायला तीनदा हात धुतो.

पंचाहत्तरीनंतर एस.टी.चा प्रवास फुकट झाला, बायकांना अर्धे तिकीट झाले. माझ्या मते दोन्ही गोष्टी चांगल्या झाल्या. हे बोललो की मला एका पक्षाचा ठरवतात. गाड्या जुन्या आणि कमी आहेत, हे बोललो की दुसऱ्या पक्षाचा. मी दोन्ही एका दमात बोलतो, म्हणजे कोणालाच ठरवता येत नाही.


बांधावरचा, परभणी जिल्हा

मी शेतकरी आहे, वय ६१, म्हणजे निवृत्त नाही आणि होण्याची सोयही नाही. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून भाऊसाहेबांना थोडे स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

आपण पस्तीस वर्षे गप्प होतो, असे आपण म्हणता. आमच्या गावातून पाहिले तर तलाठी कधीच गप्प नसतो. आजोबा वारल्यावर वडिलांनी वारस नोंदीसाठी अर्ज दिला. नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची आणि हरकत कोणाचीही नव्हती. तरी वडील दोन वर्षे चावडीवर चकरा मारत होते. कधी “साहेब मिटिंगला गेलेत”, कधी “दप्तर तालुक्याला आहे”. त्याच काळात ज्यांच्या दारात जीप उभी असायची, त्यांची खरेदीखते महिन्याभरात सातबाऱ्यावर चढत होती. त्या भाऊसाहेबांच्या तोंडून राजकारणाचा एक शब्द आम्ही कधी ऐकला नाही. त्यांचे मत आम्हांला फेरफार नोंदवहीत वाचता येत असे.

सोयाबीनचेही तसेच. पारावर त्यावर काय बोलायचे, हा आपल्यापुढचा प्रश्न. माझ्यापुढचा प्रश्न खरेदी केंद्रावरच्या ओलावा मोजायच्या यंत्राचा होता. मर्यादा १२ टक्के, आणि दिवाळीतल्या पावसानंतर माझा माल भरला १४. पोती परत आणली आणि व्यापाऱ्याला जो भाव म्हणाला त्या भावाने दिली. पुढे मतदानाच्या तोंडावर ती मर्यादा १५ टक्के झाली. तोवर माझ्या घरात एक दाणा शिल्लक नव्हता. राजकारण कशाला म्हणतात, हे मला त्या दोन तारखांमधल्या अंतराने शिकवले. त्यासाठी कोणत्या पक्षाचे नाव घ्यावे लागले नाही.

पण त्या आजीचा प्रसंग आपण लिहिलात, तो मी घरात वाचून दाखवला. माझी आई म्हणाली, “त्या माणसाला तेव्हाच हे तिला म्हणता आलं असतं तर घर वाढलं नसतं, पण म्हातारीला बरं वाटलं असतं.” तिचे वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे.

एक कामाचेही विचारून घेतो, कारण विचारायला हक्काचा माणूस सापडला आहे. माझे चुलते गेल्या वर्षी वारले. चुलती आधीच गेलेली. दोन मुलगे, तीन मुली, मुली नांदत्या आहेत. मुलगे म्हणतात की बहिणींना काही नको आहे, तर त्यांची नावे न लावता थेट दोघा भावांचाच फेरफार होईल का? गावातले काही जण होईल म्हणतात.


सजा-सात, विदर्भ

मी नोकरीत आहे, त्यामुळे जपून लिहिते. आपले पद आता तलाठी राहिले नाही, ग्राम महसूल अधिकारी झाले. पाटी बदलली, पंखा तोच आहे.

आपल्या काळी गप्प राहणे म्हणजे तोंड मिटून बसणे होते. आमच्या काळी आवडल्याचा अंगठा कोणत्या छायाचित्राला दिला, गावच्या व्हॉट्सॲप गटात कोणाच्या वाढदिवसाला फूल पाठवले आणि कोणाच्या नाही, हेही मोजले जाते. मी गटात फक्त ई-पीक पाहणीच्या मुदतीचे संदेश टाकते. तेही दोनदा वाचून.

मी २००५च्या नोव्हेंबरनंतर लागलेली आहे, त्यामुळे जुने निवृत्तिवेतन मला लागू नाही. मार्च २०२३ मध्ये आम्ही सात दिवस संपावर होतो. “एकच मिशन, जुनी पेन्शन” म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्यावर मोठ्याने ओरडले. दुसऱ्या दिवशी घसा बसला होता, पण मनाला फार हलके वाटत होते. आमच्या मंडपासमोरून आमच्याच कार्यालयातून निवृत्त झालेले काही जण सकाळच्या फेरीला जायचे. हात दाखवायचे. आत येऊन बसले मात्र कोणी नाही. मला वाटते, आपल्या प्रश्नाचा हाही एक भाग आहे, सर.


चावडीकर, लातूर

सर्वांचे वाचले. दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण पहिला मसुदा “उपरोक्त प्रतिसादांच्या अनुषंगाने” असा सुरू झाला होता. तो खोडला.

सजा-सात, त्या मार्च महिन्यात मीही एका मंडपासमोरून जात होतो. हात दाखवत होतो.

बाई, वरच्या आळीचा पाइप पुढे गेला की नाही, ते अवश्य कळवा. डबल-बेल साहेब, आपल्या अंगठ्याविषयी: यंत्र तीनदा नाकारू लागले तर तेथे थांबू नका, चेहऱ्यावरूनही आता हयातीचा दाखला निघतो. मोबाइल जाणणाऱ्या नातवाला सोबत घ्या.

बांधावरच्या पाटलांना (आडनाव माहीत नाही, मानाने म्हणतो) राग कसला मानू? मंडळ अधिकारी असताना नोंद प्रमाणित करण्याचे काम माझे होते. एकदा एका वजनदार माणसाचा फोन आला आणि त्याची नोंद मी सोळाव्या दिवशी प्रमाणित केली. त्याच गठ्ठ्यात एका विधवेची वारस नोंद होती. तीही बिनहरकतच होती. ती दीड महिना पडून राहिली. दोन्ही नोंदी कायद्याला धरून होत्या, म्हणून मला त्यात कधी काही वावगे दिसले नाही. आपले लिहिणे वाचल्यावर त्या गठ्ठ्याची लाल नाडीसुद्धा डोळ्यांपुढे आली. तो विलंब झाला नव्हता. तो मी केला होता.

आता आपल्या चुलत्यांचे प्रकरण. नाही, तसा फेरफार होत नाही. मृत्युपत्र नसेल, तर पाचही मुलांची नावे वारस म्हणून लागली पाहिजेत. मुली नांदत्या आहेत की माहेरी आहेत, याचा त्याच्याशी संबंध नाही. अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतून करा, मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडा, त्यात पाचही जणांची नावे लिहा आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवा. प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावे गाळली, तर तो खोटा दस्त होईल आणि पुढे कर्जाच्या किंवा विक्रीच्या वेळी सगळेच अडकेल. बहिणींना खरोखर हक्क सोडायचा असेल, तर नावे लागल्यानंतर दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. साध्या कागदावरच्या संमतीने नाव कमी होत नाही. गावातले जे होईल म्हणतात, त्यांना कलम विचारा.

येथवर नियम झाला. यापुढचे माझे मत. त्या तिघींना हक्कसोडावर सही करायला बोलावतील, तेव्हा दिवाळी किंवा राखीपौर्णिमा गाठून बोलावतील, आल्याबरोबर चहा होईल, भावजय साडी काढून ठेवील आणि कागद चहाच्या कपाशेजारी असेल. नोकरीत असा चहा मी कित्येक घरांत पाहिला, आणि दर वेळी मला तो वाईट वाटला. आपण चुलतभाऊ आहात. त्यांना आधी एकेकीला फोन करून सांगा की जमीन किती आहे, आज तिचा भाव काय आहे आणि सही न करण्याचाही तिला अधिकार आहे.